दार्जिलिंग डोंगराच्या वेळेनं पाहायचं: चार रात्रींचं सविस्तर नियोजन

महाराष्ट्रातून दार्जिलिंगला जाणारी बरीच कुटुंबं ते सिक्कीममधल्या गंगटोक-पेलिंगला जोडून, सहा-सात रात्रींच्या सहलीतल्या शेवटच्या दोन रात्रींत उरकतात. पहिली संध्याकाळ प्रवासात जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला उठून टायगर हिल, तिथून आल्यावर ‘सेव्हन पॉइंट’ म्हणजे सात ठिकाणांची धावती सहल, संध्याकाळी शालींची खरेदी, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात. त्या एकमेव पहाटे ढग असले की संपलं. एवढ्या लांब जाऊन कांचनजंगा न पाहता परतलेली माणसं मला नेहमी भेटतात, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण नियोजन थोडं वेगळं असतं तर तिचं दर्शन होण्याची शक्यता कितीतरी वाढली असती.

माझं म्हणणं एवढंच आहे: दार्जिलिंगला सलग चार रात्री द्या, आणि रोजची सकाळ डोंगरासाठी मोकळी ठेवा. बाकी सगळी ठिकाणं त्या सकाळींच्या मागे लावा. पेलिंग पुढच्या वर्षी करा.

कधी जायचं

आपल्याकडे सुट्ट्या दोनच, मे आणि दिवाळी. निवड करायची असेल तर डोळे झाकून दिवाळी. पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो, मग हवा धुऊन निघाल्यासारखी होते आणि नोव्हेंबरभर डोंगर स्पष्ट दिसतो. दुर्गापूजेचा आठवडा मात्र टाळा. तेव्हा सगळा बंगाल सुट्टीवर असतो, दर चढलेले असतात आणि कुर्सियांगपासून गाड्यांची रांग लागते. कोजागरीला बंगालात लक्ष्मीपूजा होते, त्यानंतर गर्दी हळूहळू ओसरते.

दिवाळीत जाण्यात आणखी एक आनंद आहे. इथल्या नेपाळीभाषक घरांमध्ये तेव्हा तिहार असतो. एक दिवस कावळ्याचा, एक दिवस कुत्र्याचा. गल्लीतल्या कुत्र्यांच्या गळ्यातसुद्धा झेंडूच्या माळा दिसतात. संध्याकाळी मुलं घरोघर जाऊन देउसी-भैलीची गाणी म्हणतात, त्यांना सेलरोटी (तांदळाच्या पिठाची तळलेली गोड कडी) आणि पैसे मिळतात. आपल्या भाऊबीजेच्या दिवशी तिथे भाईटीका असते. होमस्टेमध्ये राहिलात तर घरचे तुम्हाला त्यात सामावून घेण्याची शक्यता बरीच.

मेमध्ये हवा सुखाची असते, पण खालच्या मैदानातली धूळ आणि धुरकं वर चढतं, त्यामुळे डोंगर दिवसचे दिवस दिसत नाही. शिवाय गावात पाण्याची टंचाई असते. मेमध्येच जावं लागणार असेल तर चहाच्या निमित्तानं जा. चहाचा दुसरा बहर तेव्हा सुरू असतो. मार्च-एप्रिलमध्ये ऱ्होडोडेंड्रॉन (तिथे गुराँस म्हणतात) आणि मॅग्नोलिया फुलतात. डिसेंबर ते फेब्रुवारी थंडी कडक, पारा कधीकधी शून्याजवळ, पण आकाश बहुधा निरभ्र. गावात बर्फ क्वचितच पडतो, त्या आशेवर जाऊ नका.

जून ते सप्टेंबर अजिबात नको. दरडींचा धोका खरा आहे आणि तो पावसाळ्याबरोबर नेमका संपतही नाही. ऑक्टोबर 2025 च्या पहिल्या आठवड्यातल्या अतिवृष्टीत दार्जिलिंग-मिरीक भागात दरडी कोसळून माणसं गेली, बालासन नदीवरचा दुधियाचा पूल तुटला. म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीचं आरक्षण करताना ते रद्द करता येईल असंच करा.

पोचायचं कसं

विमानानं बागडोगरा, रेल्वेनं न्यू जलपायगुडी. दोन्ही सिलिगुडीला लागून. मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कामाख्येच्या दिशेनं जाणाऱ्या गाड्या न्यू जलपायगुडीला थांबतात, पण दोन रात्री गाडीत जातात. ज्येष्ठांना घेऊन जाताना एका बाजूचं तरी विमान करा. कोलकात्यापर्यंत जाऊन तिथून रात्रीची गाडी पकडणं हाही चांगला मार्ग आहे. संध्याकाळी बसलात की सकाळी न्यू जलपायगुडी.

तिथून दार्जिलिंग सत्तर किलोमीटरच्या आसपास, रस्ता मोकळा असेल तर तीन तास. स्टेशनबाहेर आणि सिलिगुडीच्या तेनझिंग नोर्गे बसस्थानकाजवळ शेअर जीप मिळतात. एका सुमोत दहा माणसं बसवतात आणि गाडी भरली की निघते. दोघंच असाल तर पुढच्या दोन्ही सीटचे पैसे भरा, किंमत वसूल होते. चौघं-पाच जण आणि सामान असेल तर पूर्ण गाडीच करा. भाडं बसण्याआधी ठरवा, आणि त्यात हॉटेलच्या जवळपर्यंत सोडणं धरलंय का तेही विचारा. नाहीतर चौकबाजारच्या स्टँडवर उतरवतात आणि तिथून वर सगळा चढ.

बहुतेक गाड्या रोहिणी रस्त्यानं चढतात. वळणं भरपूर आहेत. गाडी लागणाऱ्यांनी पायथ्याचं सुकना मागे पडायच्या आत गोळी घ्यावी, वळणं सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. कुर्सियांगला रस्ता जुन्या हिल कार्ट रोडला मिळतो आणि इथून पुढे रेल्वेचे दोन फुटी रूळ कधी डावीकडे, कधी उजवीकडे तुमच्या सोबतीला असतात. घरांच्या उंबऱ्याला लागून, दुकानांच्या फळ्यांना घासून ते जातात. सोनादा आणि घूमला वाहतूक तुंबते. दुपारी दोनच्या आत सिलिगुडी सोडली तर उजेडात पोचाल.

उजेडाचं गणित आधीच समजून घ्या, कारण आपली माणसं इथेच फसतात. दार्जिलिंग मुंबईच्या बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. सूर्य तिथे तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. नोव्हेंबरात पावणेपाचच्या सुमारास मावळतो, साडेपाचला मिट्ट काळोख. मेमध्ये पहाटे पाचच्या आतच उजाडतं. दुकानं संध्याकाळी लवकर मिटतात, बरीचशी उपाहारगृहं आठ-साडेआठला आवरायला लागतात. म्हणून चहा सहाला, नाश्ता नऊला आणि बाहेर पडायचं दहाला हा आपला सुट्टीचा क्रम तिथे चालत नाही.

राहायचं कुठे

दार्जिलिंग समुद्रसपाटीपासून सुमारे 2,050 मीटरवर, एका अरुंद धारेवर बसलंय. सगळ्यात वर चौरस्ता, म्हणजे मॉल. त्याखाली गांधी रोड, आणखी खाली हिल कार्ट रोड, स्टेशन आणि चौकबाजार. हे मजले जिन्यांनी आणि उभ्या गल्ल्यांनी जोडलेत. नकाशावर दोनशे मीटर दिसणारं अंतर प्रत्यक्षात दीडशे पायऱ्या असू शकतं. आरक्षणाआधी हॉटेलवाल्याला फोन करून विचारा: गाडी दारापर्यंत येते का, आणि तुमच्याकडून चौरस्त्याला जायला पायऱ्या किती?

माझी पसंती चौरस्त्याच्या आसपास राहण्याला, आणि आजी-आजोबा सोबत असतील तर नक्कीच. चौरस्त्यावर गाड्या येत नाहीत. क्लबसाइडपर्यंत गाडी आणून तिथून सामान हमालाकडे द्यायचं. हे लोक कपाळावर नाम्लो नावाचा पट्टा अडकवून पाठीवर दोन-दोन मोठ्या बॅगा वाहतात. पैशांवरून घासाघीस करू नका. एकदा वर पोचलं की सपाटीवर चालणं, बसणं, ऊन खाणं, डोंगर पाहणं, सगळं पायऱ्यांशिवाय होतं. खाली स्टेशनजवळ खोल्या स्वस्त असतात, पण रोजचा चढ आणि गाड्यांचा धूर वाट्याला येतो.

खोली उत्तरेकडे तोंड असलेली मागा. ‘व्हॅली व्ह्यू’ आणि ‘कांचनजंगा व्ह्यू’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हीटरचे पैसे वेगळे लागतात का, गरम पाणी किती वेळ असतं, हेही विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी झोपताना गरम पाण्याची पिशवी देतात. न दिल्यास मागा, खरंच सुख वाटतं.

पाण्याबद्दल थोडं. गावाला पाणी येतं ते सिंचलच्या तलावांमधून, आणि ती व्यवस्था आजच्या वस्तीला आणि पर्यटकांना पुरत नाही. अनेक हॉटेलं टँकरनं पाणी विकत घेतात. उन्हाळ्यात गल्लीत प्लास्टिकच्या कॅनची रांग दिसते. बादलीभर पाण्यात अंघोळ करा, टॉवेल रोज बदलायला सांगू नका. आपण तीन-चार दिवसांचे पाहुणे आहोत, तिथली माणसं वर्षभर त्या रांगेत उभी असतात.

दिवस असा लावा

डोंगर उजाडताना सर्वात स्वच्छ असतो. ऊन तापलं की दऱ्यांमधून वाफ वर येते, नऊ-दहापर्यंत ढग शिखरांना झाकायला लागतात आणि दुपारी धुकं थेट चौरस्त्यावर येतं. हा क्रम पक्का धरून चाला. उजाडल्यापासून आठ-साडेआठपर्यंत डोंगर. मग नाश्ता. सकाळचा उरलेला भाग प्राणिसंग्रहालय, मठ, चहाचा मळा. दुपारी धुक्यात रेल्वे किंवा संग्रहालय, कारण तिथे दूरचं दिसायची गरज नसते. चारला चौरस्त्यावर परत. कधीकधी मावळतीला ढग फाटतात आणि शिखर गुलाबी दिसतं.

पहिली सकाळ टायगर हिलची करू नका. प्रवासाचा शीण असतो, आणि दार्जिलिंगमधून डोंगर कसा दिसतो हेच अजून माहीत नसतं. त्याऐवजी चौरस्त्याहून मॉल रोडची प्रदक्षिणा घाला. भानुभक्त आचार्यांच्या पुतळ्यापासून सुरुवात करा. एकोणिसाव्या शतकात त्यांनी रामायण नेपाळीत आणलं, आणि दार्जिलिंगच्या भरचौकात राजा किंवा सेनापतीऐवजी एक कवी उभा आहे ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पुतळ्याच्या बाजूनं निघणारा रस्ता ऑब्झर्व्हेटरी हिलला वळसा घालून पुन्हा चौरस्त्यावर येतो. सपाट, गाड्या नाहीत, रमतगमत अर्धा-पाऊण तास. टेकडीच्या मागच्या बाजूला कठडे आणि बाक आहेत. तिथे थांबा.

समोर, जवळजवळ थेट उत्तरेला, सुमारे 75 किलोमीटरवर 8,586 मीटरची कांचनजंगा. पहिल्यांदा पाहणारे तिला खाली शोधतात. दरीतल्या निळ्या डोंगररांगा, त्यांच्यावर ढगांचा पट्टा, आणि तो पट्टा ओलांडून, आकाशच असणार असं वाटतं तिथे पांढरी भिंत. डावीकडून उजवीकडे ओळखायला शिका: टोकदार कुंभकर्ण, मग काब्रूची लांब धार, मग कांचनजंगा, आणि उजवीकडे थोडा सुटा उभा असलेला पांदिम. सोबत दुर्बीण असू द्या, साधी असली तरी चालेल. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे दहा गिर्यारोहक मे 2019 मध्ये, उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेत, या शिखरावर पोचले होते. मुलांना ते तिथेच, शिखराकडे बोट दाखवून सांगा.

परतताना टेकडीवर महाकाल मंदिरात जा. चढ छोटा पण उभा आहे. एकाच जागी हिंदू पुजारी आणि बौद्ध लामा दोघंही पूजा करतात. घंटा आणि प्रार्थनापताका इतक्या दाट की खालून जाताना वाकावं लागतं. हातात खाऊची पिशवी नको, माकडं आहेत.

टायगर हिल: जायचं की नाही

जायचं, पण एकदाच, आणि अटीवर. अट अशी की आदल्या रात्री झोपताना आणि पहाटे तीनला खिडकीतून चांदण्या दिसल्या पाहिजेत. चांदण्या नसतील तर पुन्हा झोपा. यासाठीच चार रात्री. गाडीवाल्याशी बोलतानाच सांगून ठेवा की आकाश बघून ठरवू. त्याची तयारी नसेल तर दुसरा बघा. टायगर हिलला रोज किती गाड्या सोडायच्या यावर नियंत्रण असतं, त्यामुळे गाडी आदल्या दिवशी ठरवलेली हवी.

सुमारे 11 किलोमीटर अंतर आहे, उंची 2,590 मीटर. सूर्योदयाच्या तासभर आधी तिथे असायला हवं. गाड्या वर पोचू शकत नाहीत एवढी गर्दी असते, शेवटचं अंतर चालावं लागतं, म्हणून टॉर्च आणि कानटोपी. तिथे थंडी गावापेक्षा बोचरी. थर्मल, स्वेटर आणि वरून वारा अडवणारं जॅकेट, तिन्ही.

पोचल्यावर सगळे पूर्वेकडे तोंड करून सूर्याची वाट पाहत उभे दिसतील. तुम्ही उत्तरेकडे तोंड करा. सूर्य क्षितिजावर यायच्या आधीच त्याचा उजेड कांचनजंगेच्या माथ्याला लागतो. आधी राखाडी, मग एका टोकावर तांबूस ठिपका, तो पसरत खाली उतरतो, केशरी होतो, सोनेरी होतो, आणि सूर्य वर येऊन गर्दी ओरडते तोवर तो पिवळसर पांढरा झालेलाही असतो. खरं पाहायचं असतं ते त्याआधीच होऊन जातं. हवा अगदी स्वच्छ असेल तर वायव्येला, सुमारे 170 किलोमीटरवर, एव्हरेस्टचा माथा दिसतो. तो शेजारच्या मकालूपेक्षा छोटा वाटतो, कारण मकालू आपल्याला जवळ आहे. तिथे दिसणाऱ्या तीन टोकांतलं सर्वात उंच दिसतं तेच एव्हरेस्ट, असं समजून फोटो काढू नका.

परतीच्या वाटेवर घूमचा यिगा चोलिंग मठ आणि बतासिया लूप घ्या. मठ 1850 चा, आत मैत्रेय बुद्धाची पंधरा फुटी मूर्ती. रस्त्याला लागून असलेला दुसरा मठ हाच तो समजून बरेच जण तिथूनच परततात. यिगा चोलिंगसाठी घूम स्टेशनाजवळून आत जावं लागतं. बतासियाला रेल्वेचा रूळ उतार कमी करण्यासाठी स्वतःभोवती वळसा घेतो, आणि त्या वळशाच्या मधोमध गोरखा सैनिकांचं स्मारक आहे. सकाळी नऊच्या आत पोचलात तर तिथून डोंगर पुन्हा एकदा दिसेल.

रेल्वे

दार्जिलिंग हिमालयन रेल्वे 1879 ते 1881 या काळात बांधली गेली, आणि 1999 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आली. रूळ दोन फूट रुंद. न्यू जलपायगुडी ते दार्जिलिंग 88 किलोमीटर, आणि वाटेत ती घूमला 2,258 मीटरवर पोचते. भारतातलं हे सर्वात उंचावरचं रेल्वे स्थानक. तिथून थोडी उतरून दार्जिलिंग. वाटेत बोगदा नाही, दातेरी रूळ नाही. चढ जिंकलाय तो वळशांनी आणि झेड-रिव्हर्सनी: गाडी पुढे जाते, थांबते, उलटी मागे चढते, पुन्हा पुढे. तेवढ्यात एक टप्पा वर आलेली असते.

पर्याय दोन. न्यू जलपायगुडीहून पूर्ण प्रवास सात तासांहून जास्त चालतो आणि उशीर होतच असतो. रेल्वेचं खरं वेड असेल तरच करा. बाकीच्यांसाठी दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग ही सुमारे दोन तासांची जॉयराइड. बतासियाला आणि घूमला थांबते, घूमला संग्रहालय पाहता येतं. आरक्षण आयआरसीटीसीवर होतं, स्थानक म्हणून दार्जिलिंगच टाकायचं. दिवाळी आणि मेमधल्या जागा लवकर संपतात, म्हणून विमानाच्या तिकिटाबरोबरच हे तिकीट काढा. पावसात दरड आली की गाड्या रद्द होतात.

डिझेल स्वस्त, वाफेचं महाग. घ्यायचं असेल तर वाफेचंच. आणि गाडी सुटायच्या वीस मिनिटं आधी जाऊन इंजिनाशेजारी उभे राहा, प्रवासाइतकंच ते मोलाचं आहे. निळ्या रंगाचं ‘बी’ वर्गाचं इंजिन, ज्याची मूळ रचना 1889 ची. पाणी भरतात, तेलाच्या बुधल्यानं एकेक सांधा ओला करतात, एक माणूस कोळशाचे मोठे ढेकळे फोडून लहान करत असतो. चालू गाडीत इंजिनाच्या अगदी पुढे माणसं बसतात. चाक घसरायला लागलं की ती हातानं रुळावर वाळू टाकतात. ओल्या रुळावर, चढावर, ही मूठभर वाळू गाडीला पकड देते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हे असंच चाललंय. खिडकीत बसणाऱ्यांनी चष्मा लावा, कोळशाची कणी डोळ्यात जाते.

तेनझिंगची संस्था आणि लाल पांडा

चौरस्त्याहून जवाहर पर्वताच्या दिशेनं चालत गेलं की अर्ध्या तासात पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालय येतं. गुरुवारी बंद असतं, त्यामुळे मुक्कामातला गुरुवार आधीच हेरून ठेवा. उघडता उघडता पोचा. लाल पांडा सकाळच्या गारव्यात फांद्यांवरून फिरतो, दुपारी शेपटीत तोंड खुपसून झोपलेला असतो. इथल्या प्रजनन केंद्रात वाढलेले लाल पांडा सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात सोडले गेलेत. हिमबिबट्यासाठीही इथलं काम नावाजलेलं आहे. मुलांना काचेवर टकटक करू देऊ नका.

त्याच तिकिटावर, त्याच आवारात थोडं चढून हिमालयन माउंटेनीयरिंग इन्स्टिट्यूट. तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांनी 1953 मध्ये एव्हरेस्ट गाठलं, त्यानंतर नोव्हेंबर 1954 मध्ये ही संस्था सुरू झाली, आणि तेनझिंग तिचे पहिले क्षेत्र-प्रशिक्षण संचालक झाले. संग्रहालयाला दीड तास द्या. जुने बूट, लाकडी दांड्याच्या बर्फकुऱ्हाडी, प्राणवायूची अवजड नळकांडी पाहिल्यावर आजची साधनं किती हलकी झालीत ते कळतं. नवांग गोम्बू यांचं नाव शोधा. 1963 आणि 1965 मध्ये एव्हरेस्ट चढून ते दोनदा एव्हरेस्टवर पोचणारे जगातले पहिले गिर्यारोहक ठरले. 1986 मध्ये निधन झालेल्या तेनझिंग यांचा पुतळा आणि समाधी बाहेरच आहे. सह्याद्रीत फिरणारी कितीतरी मराठी मुलं-मुली इथले अभ्यासक्रम करून जातात. घरात कोणाला ओढ असेल तर चौकशी तिथेच करा.

चहा

गावाच्या सर्वात जवळचा मळा हॅपी व्हॅली, 1854 चा. हिल कार्ट रोडवरून खाली चालत जाता येतं. कारखाना दाखवतात, पण दिवस नीट निवडा. रविवारी तोडणी नसते, त्यामुळे रविवार-सोमवारी यंत्रं बहुधा थंड. डिसेंबर ते फेब्रुवारी झुडपं विश्रांती घेतात, तेव्हा जाऊन हिरवा मळाच फक्त दिसेल.

दोन पानं आणि एक कळी खुडायची. रात्रभर जाळीवर पसरून वाऱ्यानं सुकवायची, मग वळायची, मग आंबल्यासारखी काळवंडू द्यायची, भाजायची, चाळायची. मार्च-एप्रिलचा पहिला बहर फिका, हिरवट, फुलासारख्या वासाचा. मे-जूनचा दुसरा बहर गडद, मधुर, ज्याला मस्कटेल म्हणतात. पावसाळी चहा स्वस्त, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा शरद बहर तांबूस व सौम्य. दिवाळीत जाणाऱ्यांनी हा शरद बहर घ्यावा, ताजा मिळतो आणि खिशालाही झेपतो. दार्जिलिंग चहा हे भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन. पाकिटावर चहा बोर्डाचं पानं धरलेल्या स्त्रीचं चिन्ह आणि बहराचं वर्ष पाहून घ्या. रस्त्यावर ढिगानं मिळणारा ‘दार्जिलिंग’ कुठून आलाय याची खात्री देता येत नाही.

घरी आणल्यावर हा चहा उकळायचा नाही. आलं, वेलची, दूध काही नको. पाणी उकळवून गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, कपाला सपाट चमचाभर पत्ती, झाकण, तीन मिनिटं, गाळा. आपला अमृततुल्य चहा आसामच्या पत्तीचाच चांगला होतो, त्यासाठी ही महागडी पत्ती वाया घालवू नका.

मळ्यात पाठीवर टोपली घेतलेल्या बायका दिसतील. फोटोआधी ‘दिदी’ म्हणून विचारा. त्या कामावर असतात, मजुरी तुटपुंजी असते, आणि सतत कॅमेरा रोखला जाणं कोणालाच आवडत नाही.

खाणं

मोमो, थुक्पा (नूडल्सचं सूप), सेलरोटी, झणझणीत आलू दम. शाकाहारी लोकांची अडचण होत नाही, मारवाडी आणि बंगाली भोजनालयंही आहेत. मोमोची लाल चटणी आधी टोकानं चाखा. त्यात डल्ले खुर्सानी ही गोल मिरची असू शकते. गुंद्रुकचा (आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचा) आंबट रस्सा होमस्टेमध्ये मागून घ्या, भाताबरोबर फार छान लागतो. छुर्पीचा (दुधाच्या कडक चीजचा) वाळलेला तुकडा चावायचा नाही, गालात धरून चघळायचा. केव्हेंटर्सच्या गच्चीवरचा नाश्ता आणि ग्लेनरीजची बेकरी या जुन्या जागा आहेत. दोन्हीकडे सकाळी लवकर जा.

चौथा दिवस

तीन दिवसांत गाव झालं, डोंगर दिसला, तर चौथी रात्र कुर्सियांगला काढा. परतीच्या वाटेवरच आहे, गर्दी कमी. गिद्दपहाडला नेताजी सुभाषचंद्रांचे थोरले भाऊ शरदचंद्र बोस यांचं घर आहे, जिथे 1936 मध्ये इंग्रजांनी नेताजींना स्थानबद्ध ठेवलं होतं. आता तिथे संग्रहालय आहे. डोंगर अजून दिसला नसेल तर दार्जिलिंगमध्येच थांबा, किंवा लेपचाजगतच्या जंगलात एक रात्र घ्या. संदकफू हे शिखर (3,636 मीटर) या मुक्कामात कोंबू नका. मानेभंज्याङहून जुन्या लँड रोव्हर वर जातात हे खरं, पण एका दिवसात दीड हजार मीटर चढून डोकं दुखत बसण्यात काही नाही. त्याला स्वतंत्र चार-पाच दिवस द्या.

परतीच्या दिवशी बागडोगऱ्याचं विमान दुपारी दोननंतरचं घ्या आणि दार्जिलिंग सकाळी सातला सोडा. कुर्सियांगहून निघणार असाल तर साडेआठ चालतील. घूम आणि सोनादाची कोंडी नऊनंतर वाढते. उतरताना वळणं चढणीपेक्षा जास्त त्रास देतात, म्हणून नाश्ता हलका करा, पोटभर जेवण सिलिगुडीत. ड्रायव्हरदाजूला (नेपाळीत दाजू म्हणजे दादा) निघायची वेळ आदल्या संध्याकाळीच पक्की सांगा, आणि सकाळी साडेसहाला एक फोन करा.